लोकप्रतिनिधींचे साल कोणी ठरवायचे?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आमदार-खासदारांच्या पगाराचा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोन मिनिटांत शिव्यांचा पाऊस पडतो. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि घरी जातो. शिव्या दिल्याने कोणाचा पगार एका पैशाने कमी झाल्याचे ऐकिवात नाही. म्हणून आज शिव्या बाजूला ठेवू आणि हिशोब करू. जगातल्या काही देशांत लोकप्रतिनिधींना काय मिळते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते कोण ठरवते, एवढे पाहू.

सुरुवात आपल्याच बांधावरून. सालगडी ठेवायचा तर आपण काय करतो? गुढीपाडव्याला बसतो. चार माणसांसमोर बोलणे होते. वर्षाचे रोख किती, वर ज्वारी किती, उचल किती. एकदा ठरले की वर्षभर ते मोडायचे नाही. मालकाने मध्येच कापायचे नाही आणि गड्याने मध्येच वाढवून घ्यायचे नाही. वाढ हवी असेल तर पुढचा पाडवा आहेच.

आता निवडणुकीतले भाषण आठवा. प्रत्येक उमेदवार हात जोडून सांगतो, ‘तुम्ही मालक, आम्ही सेवक.’ मग या सेवकाचे साल कोण ठरवते? घटनेचे कलम १०६ सांगते की खासदारांचे वेतन आणि भत्ते संसदेने कायदा करून ठरवावेत. कलम १९५ आमदारांच्या बाबतीत तेच काम राज्याच्या विधिमंडळावर सोपवते. म्हणजे गड्याने आपले साल आपणच लिहायचे आणि मालकाच्या तिजोरीतून आपणच उचलायचे.

आपल्याकडचा हिशोब

१९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये आणि अधिवेशनाच्या दिवसाला २१ रुपये भत्ता होता. २०१० मध्ये वेतन १६,००० वरून ५०,००० झाले. त्या वेळी खासदारांच्याच समितीने शिफारस केली होती ८०,००१ रुपयांची. हा वरचा एक रुपया कशासाठी? तर केंद्र सरकारच्या सचिवाला ८०,००० मिळत होते, त्याच्यापेक्षा एक रुपया तरी जास्त हवा म्हणून! २०१८ मध्ये वेतन १,००,००० झाले. ही वाढ वित्त विधेयकात घातलेली होती आणि लोकसभेने ते विधेयक चर्चेविना मंजूर केले. मार्च २०२५ मध्ये आकडा १,२४,००० वर गेला आणि तो लागू झाला १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागच्या दोन वर्षांच्या थकबाकीसह.

हे झाले मूळ वेतन. त्यावर मतदारसंघ भत्ता ८७,०००, कार्यालयाच्या खर्चासाठी ७५,०००, अधिवेशनाच्या दिवसाला २,५००. वर्षाला ३४ विमानप्रवास, ५०,००० युनिट वीज आणि पायउतार झाल्यावर पेन्शन.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचे वेतन सुमारे ७५,००० वरून दीड लाखाच्या पलीकडे नेणारे विधेयक आले. त्यावरही चर्चा झाली नाही. दुष्काळावर बोलताना सभागृह डोक्यावर घेणारे दोन्ही बाजूंचे लोक त्या दिवशी एकमताने गप्प होते.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरोनाच्या साथीत, २०२० मध्ये, खासदारांच्या वेतनात एक वर्षासाठी ३० टक्के कपात झाली. २०१८ च्या कायद्याने वेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलायचे ठरवले, म्हणजे मनाला येईल तो आकडा लिहिण्याला काही लगाम बसला. कार्यालयाचा भत्ता हा माणसे ठेवायला आणि पत्रव्यवहाराला असतो, तो खिशात घालायचा पैसा नव्हे. आकडे सांगताना हे वेगळे मांडले नाही तर आपला हिशोबही व्यापाऱ्याच्या कच्च्या चिठ्ठीसारखा होईल.

मग पगारच नको का?

काही जण म्हणतात, देशसेवा करायची तर पगार कशाला? ऐकायला हे गोड आहे, पण आपल्या माणसाचा घात करणारे आहे.

इंग्लंडमध्ये १९११ पर्यंत खासदारांना पगार नव्हता. परिणाम काय? पार्लमेंटात बसणार कोण, तर ज्याची जमीनदारी आहे, गिरणी आहे, बापाची इस्टेट आहे तो. १८३८ मध्ये तिथल्या कामगारांनी, चार्टिस्टांनी, सहा मागण्यांची सनद काढली. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान या मागण्यांबरोबर त्यात खासदारांना पगार हीही मागणी होती. गरिबाला मत दिले आणि त्याच्या माणसाला पगार दिला नाही, तर ते मत शेवटी श्रीमंतालाच पडणार, हे त्या गिरणीकामगारांना कळले होते. १९११ साली वर्षाला ४०० पौंड मंजूर झाले, तेव्हा कुठे खाणकामगाराला घर चालवून पार्लमेंटात बसता आले.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात आमदाराला आजही वर्षाला १०० डॉलर मिळतात. १८८९ पासून तोच आकडा आहे. तिथल्या प्रतिनिधीगृहात ४०० जण आहेत. एवढ्या पैशात हे काम कोणाला परवडणार? ज्याला दुसरीकडून मिळकत आहे किंवा ज्याची नोकरी संपून पेन्शन चालू झाली आहे, त्याला. कोरडवाहू पाच एकरवाल्याच्या पोराने विधानसभेत जावे असे वाटत असेल, तर त्याला पोट भरेल एवढे साल दिलेच पाहिजे. नाही तर ते साल त्याला कंत्राटदार देईल, आणि मग तो कंत्राटदाराचा गडी होईल.

तेव्हा पगार हवा. भांडण आहे ते तो ठरवण्याच्या रीतीवर.

दुसऱ्यांची रीत

अमेरिकेच्या काँग्रेसने १८१६ मध्ये आपला पगार रोजचे ६ डॉलर सोडून वर्षाला १,५०० डॉलर केला. लोक खवळले, पुढच्या निवडणुकीत कित्येक जण घरी बसले आणि तो कायदा मागे घ्यावा लागला. १८७३ मध्ये त्यांनी पुन्हा वाढ केली, तीही मागच्या तारखेपासून. १८७४ मध्ये तीही रद्द झाली. गंमत अशी की यावरचा उपाय जेम्स मॅडिसन यांनी १७८९ मध्येच सुचवून ठेवला होता: सभासदांच्या पगारात बदल केला तर तो पुढची निवडणूक झाल्यावरच लागू व्हावा. पुरेशा राज्यांची मान्यता नसल्याने ही घटनादुरुस्ती अडगळीत पडली. १९८२ मध्ये टेक्सासच्या एका विद्यार्थ्याने, ग्रेगरी वॉटसनने, तिच्यावर निबंध लिहिला. त्याला बेताचेच गुण मिळाले. पठ्ठ्याने राज्याराज्यांत पत्रे पाठवून मोहीम चालवली आणि १९९२ मध्ये ती दुरुस्ती घटनेत गेली. २०२ वर्षांनी! आता तिथे पाडव्याचा नियम आहे. वाढवायची तर वाढवा, पण आधी मालकासमोर उभे राहा. २००९ पासून तिथल्या काँग्रेस सभासदाचा पगार १,७४,००० डॉलरवर थांबलेला आहे.

जर्मनीत १९७५ मध्ये घटना न्यायालयाने सांगितले की सभासदांनी आपल्या मोबदल्याचा निर्णय भर सभागृहात, लोकांना दिसेल असा घ्यावा. २०१४ च्या कायद्याने तो देशातल्या पगारदारांच्या मजुरीच्या निर्देशांकाला बांधला. दर १ जुलैला तो त्याप्रमाणे हलतो. मजुरी वाढली तर वाढतो. २०२० मध्ये मजुरी किंचित घसरली, तर २०२१ मध्ये खासदारांचा मोबदलाही महिना १०,०८३ युरोवरून १०,०१२ वर आला. रक्कम किरकोळ, पण तत्त्व मोठे. कष्टकऱ्याचे ताट आटले तर प्रतिनिधीचेही आटले.

सिंगापूरने उलटे माप घेतले. १९९४ मध्ये तिथल्या सरकारने मंत्र्यांचे पगार खाजगी क्षेत्रातल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्यांना बांधले. भरपूर पगार दिला की चांगली माणसे येतील आणि लाच खाणार नाहीत, हा त्यामागचा विचार. लोकांना ते पचले नाही. २०११ च्या निवडणुकीत असंतोष दिसला, समिती नेमावी लागली आणि २०१२ मध्ये पंतप्रधानांचा पगार ३६ टक्के कापला गेला. तरीही तो वर्षाला २२ लाख सिंगापूर डॉलर उरला!

इंग्लंडची गोष्ट भत्त्यांची. पगारवाढीवर लोक ओरडतात म्हणून खासदारांनी पगार बेताचा ठेवला आणि खर्चाची बिले फुगवली. २००९ मध्ये ती वर्तमानपत्रात फुटली. कोणी वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा खर्च दाखवला होता, कोणी तळ्यातल्या बदकांसाठी तरंगते घर घेतल्याचे बिल लावले होते. सभापतींना जावे लागले, काही खासदार तुरुंगात गेले. त्यानंतर खासदारांच्या हातातून वही काढून घेतली गेली. आता खर्च आणि पगार स्वतंत्र संस्था ठरवते आणि प्रत्येक दावा जाहीर करते. एप्रिल २०२५ मध्ये तिथला पगार वर्षाला ९३,९०४ पौंड झाला. पूर्णवेळ काम करणाऱ्या मधल्या माणसाच्या कमाईच्या तो साधारण अडीच पट भरत होता.

स्वतंत्र संस्था नेमली की प्रश्न मिटला असे मात्र समजू नका. केनियाने २०१० च्या घटनेत असा आयोग केला. २०१३ मध्ये आयोगाने खासदारांचा पगार महिना ८,५१,००० शिलिंगवरून ५,३२,५०० वर आणला. खासदारांनी आयोगाचा निर्णयच फिरवायचा घाट घातला. तेव्हा नैरोबीत लोकांनी पार्लमेंटच्या दारात डुकरे सोडली. शेवटी तडजोड झाली: पगार ५,३२,५००, पण मोटारीसाठी ५० लाख शिलिंग वेगळे. दारातून हाकललेली मांजर खिडकीतून आत आली. २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध तिथली तरुण पोरे रस्त्यावर असताना पुन्हा वाढ ठरली होती, ती लोकांच्या रेट्यामुळे आयोगाला थांबवावी लागली. आयोग कागदावर असतो, त्याचा कणा रस्त्यावर असतो.

आणि स्वित्झर्लंड? तिथे १९९२ मध्ये खासदारांचा मोबदला वाढवण्याचा कायदा थेट लोकांच्या मताला टाकला गेला. लोकांनी मोठ्या बहुमताने तो फेटाळला.

दोन खोल्या

आता हे आपल्या पिकाशी ताडून पाहू. आपल्या कापसाचा, ज्वारीचा हमीभाव कृषी मूल्य आयोग सुचवतो आणि सरकार ठरवते. २०१० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ३,००० होता, २०२५-२६ मध्ये ८,११० झाला. म्हणजे सुमारे २.७ पट. खासदाराचे वेतन २०१० च्या वाढीनंतरच्या ५०,००० पासून धरले तर अडीच पट झाले. वाढीआधीच्या १६,००० पासून धरले तर पावणेआठ पट. कोणते साल धरता त्यावर हिशोब फिरतो, तेव्हा व्यासपीठावरून कोणी अशी पट सांगितली तर आधी साल विचारा.

खरा फरक पटीत नाही. खासदाराचे १,२४,००० दर महिन्याला खात्यात पडतात. आपला हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात तो मिळेलच याची कायद्याने हमी नाही. सरकारच्याच पाहणीप्रमाणे २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकातून मिळालेले फक्त ३,७९८, त्याहून जास्त मजुरीचे. त्याच वर्षी खासदाराचे नुसते मूळ वेतन एक लाख होते.

दोन खोल्या आहेत. एका खोलीत आपल्या मालाचा भाव ठरतो, तिथे पिकवणारा नसतो. दुसऱ्या खोलीत प्रतिनिधींचा पगार ठरतो, तिथे पैसे देणारा नसतो. पिकवणारे आपण आणि देणारेही आपणच. काडीपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. दोन्ही खोल्यांच्या बाहेर मात्र आपल्यालाच बसवले आहे.

तीन प्रश्न

तेव्हा पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, शिवी देऊ नका. चहा पाजा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला: तुझा पगार तूच ठरवणार, की तुझ्या हाताबाहेरचा आयोग? दुसरा: माप कोणाचे? सचिवाचे, महागाईचे, की या देशात राबणाऱ्याच्या मजुरीचे? तिसरा: वाढ लागू कधी होणार? मागच्या तारखेपासून, की पुढची निवडणूक झाल्यावर? आणि भत्त्याचे प्रत्येक बिल तालुक्याच्या गावी फळ्यावर लागेल का?

हे काही अशक्य नाही. पंजाबात माजी आमदाराला जितक्या वेळा निवडून आला त्या प्रत्येक मुदतीची पेन्शन मिळत असे. २०२२ मध्ये तिथे ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा झाला. आपल्याच देशात, आपल्याच घटनेखाली झाला.

उत्तरे तोंडी घेऊ नका, गावाच्या सभेत चार माणसांसमोर घ्या आणि लिहून ठेवा. सालगड्याचे साल आपण तसेच ठरवतो आणि त्यात ना गड्याचा अपमान असतो ना मालकाचा. साल चोख ठरले तर काम चोख मागता येते. आज आपण कामही मागत नाही आणि सालही ठरवत नाही, नुसत्या शिव्या देतो. त्या बंद करू आणि हिशोबाला बसू.

एवढे बोलून थांबतो.