न दिसणाऱ्या दुकानाची पत

नेहमींच्या दुकानांत आपण माल हातांत घेऊन पाहतों, घासाघीस करतों आणि दुकानदाराचा चेहराही न्याहाळतों. ऑनलाइन खरेदींत यांपैकीं कांहींच नाहीं. चित्र पाहावयाचें, पैसे भरावयाचे आणि वाट पाहावयाची. अशा दुकानाची पत बसते तरी कशी?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. आपल्या देशांत १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. दूरच्या दुकानदारानें पार्सल धाडावें, पोस्टमननें तें दारीं आणावें, गिऱ्हाइकानें पैसे मोजावे आणि टपालखात्यानें ते दुकानदारास पोंचवावे. दोघांचा एकमेकांवर भरंवसा नसला तरी टपालावर दोघांचाही होता.

फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ सालीं बंगळुरास पुस्तकें विकूं लागली. कार्डानें आगाऊ पैसे भरण्यास लोक कचरत. तेव्हां २०१० सालीं तिनें माल घरीं आल्यावर रोख पैसे घेण्याची सोय केली. व्ही. पी. चाच हा नवा अवतार म्हणावा. चीनमध्यें २००४ सालीं स्थापन झालेल्या अलिपेनें निराळी युक्ति योजिली. गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थानें स्वतःजवळ ठेवावयाचे आणि माल मिळाल्याची पोंच आल्यावरच विक्रेत्यास द्यावयाचे.

परंतु एवढ्यानें पहिली खरेदी होते, दुसरी होईलच असें नाहीं. माझ्या मतें गिऱ्हाईक टिकतें कीं तुटतें, हें माल परत करण्याच्या दिवशीं ठरतें. साडीचा रंग चित्रांतल्याहून फिका निघाला, चपला बोटभर आंखूड आल्या. अशा वेळीं दुकानाचा माणूस मुकाट्यानें माल घेऊन गेला आणि सांगितलेल्या दिवशीं पैसे खात्यांत जमा झाले, तर तें दुकान त्या घरांतून चार शेजाऱ्यांना सांगितलें जातें. उलट, "आपली तक्रार नोंदविली आहे" एवढेंच यांत्रिक उत्तर आठवडाभर येत राहिलें, तर सवलत कितीही मोठी असो, घरचीं माणसें त्या दुकानाची पायरी पुन्हां चढत नाहींत. (तेथें पायरी नसते, हें खरें!) अर्थात् फुकट परतीची चैन दुकानास महाग पडते. लग्न आटोपल्यावर वापरलेला पोषाख परत धाडणारीं गिऱ्हाइकेंही आहेत. परतीची मुदत आंखडली गेली, तर दोष सर्वस्वीं दुकानाचा नसतो.

सरकारनें २०२० सालीं ई-कॉमर्ससंबंधीं नियम केले. तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यांत तिचा निकाल लावावा, असें त्यांत आहे. विक्रेत्यानें गिऱ्हाइकाचें सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुति लिहूं नये, असेंही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई झाली. "शेवटचे दोनच नग उरले" अशी खोटी घाई, न मागितलेली वस्तु टोपलींत सरकविणें, पैसे भरतांना अखेरच्या क्षणीं आंकडा फुगविणें, हे त्यांतलेच प्रकार.

इतकें असूनही पैसे अडकलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथें फोन करण्यापूर्वीं विक्रेत्याचें नांव, मागणीचा क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती जवळ असूं द्यावी. पार्सल उघडतांना छायाचित्र घेतलेलें असेल, तर फारच उत्तम.