लिंबूटिंबूंचा करंडक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा त्यांच्या मनात सरफोजी महाराज किंवा सरस्वती महालातील मोडी कागद असावेत. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी येथे पहिल्याच रांगेत बसली आहेत. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर, बी.ए.ची पदवी आणि बदल्यांचे हुकूम एवढीच आमची शिदोरी. त्यांच्यासमोर इतिहास सांगण्याचे धाडस आम्हांस होत नाही. म्हणून आम्ही विषय निवडला तो फुटबॉलचा. काही चेहऱ्यांवर निराशा दिसते आहे. परंतु ज्या हकिगती आम्ही सांगणार आहोत त्यांतील महत्त्वाच्या आपल्या या तामिळ भूमीवरच घडल्या आहेत, एवढे आश्वासन आरंभीच देतो.

आपल्या देशातील राज्याराज्यांच्या फुटबॉल संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९४१ पासून संतोष करंडकासाठी खेळली जाते. हे नाव ऐकून कोणा संतोषरावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः संतोष हे एका गावाचे व जमीनदारीचे नाव. ते आज बांगला देशात, टांगाइल भागात आहे. तेथील महाराजा मन्मथनाथ रायचौधुरी यांच्या स्मरणार्थ हा करंडक ठेवला गेला. करंडकाचे नाव बंगालचे आणि त्यावरचा हक्कही जणू बंगालचाच, अशी परिस्थिती पुढे कित्येक दशके राहिली.

आम्हां कार्यालयीन माणसांना तक्ते मांडण्याची खोड असते. एका रविवारी आम्ही या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांचा तक्ता मांडला आणि त्यात जे दिसले त्याने आम्ही थोडे चकित झालो. मुंबईच्या संघाने मुंबईतच तीन वेळा अंतिम सामना खेळला: १९४५-४६ मध्ये बंगालशी, १९५१-५२ मध्ये पुन्हा बंगालशी आणि १९६१-६२ मध्ये रेल्वेशी. तिन्ही वेळा पराभव. पुढे २०१५-१६ साली महाराष्ट्राचा संघ नागपुरात अंतिम फेरीत पोहोचला आणि सेनादलाकडून २-१ असा हरला. म्हणजे स्वतःच्या अंगणात चार वेळा पंक्तीला बसलो आणि चारही वेळा पान वाढण्यापूर्वीच उठलो!

आता दुसरी बाजू पाहा. मुंबई व महाराष्ट्र यांनी हा करंडक आजवर चार वेळा जिंकला. १९५४-५५ मध्ये मद्रासला सेनादलाविरुद्ध २-१, १९६३-६४ मध्ये पुन्हा मद्रासलाच आंध्र प्रदेशाविरुद्ध १-०, १९९०-९१ मध्ये पालघाटला केरळविरुद्ध १-० आणि १९९९-२००० मध्ये त्रिचूरला केरळविरुद्धच ३-२. चारही विजय दक्षिणेत, आणि त्यांतील दोन तर यजमानांच्या घरात यजमानांवरच. दक्षिणेत आपण कधी हरलोच नाही असे मात्र कोणी समजू नये. १९५६-५७ साली त्रिवेंद्रमला पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटल्यावर दुसऱ्यात हैदराबादने मुंबईची ४-१ अशी धूळधाण केली, आणि पुढल्याच वर्षी आपल्या गावी बोलावून ३-१ ने पुन्हा हरवले.

१९६३-६४ च्या विजयाचे मोल या दोन पराभवांमुळे कळते. हैदराबादचा तो संघ म्हणजे सय्यद अब्दुल रहीम यांची तालीम. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या स्थानापर्यंत नेणारे आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून देणारे हेच ते रहीमसाहेब. १९६३ च्या जूनमध्ये ते निवर्तले. परंतु त्यांनी घडविलेली फुटबॉलची परंपरा आंध्र प्रदेशात शाबूत होती. १९६५-६६ चा करंडक आंध्राने जिंकला यावरून ते दिसतेच. अशा संघाला नव्या महाराष्ट्र राज्याच्या संघाने मद्रासला एका गोलाने रोखले. राज्य स्थापन होऊन पुरी चार वर्षेही झाली नव्हती आणि महाराष्ट्र या नावाने मिळालेले हे पहिलेच विजेतेपद होते. महाराष्ट्रात त्याची आठवण आज किती जणांना आहे, हा प्रश्न आम्ही विचारू इच्छीत नाही. क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणाऱ्या मंडळींना मद्रासचा तो १-० सांगितला की ती आमच्याकडे संशयाने पाहतात.

परंतु आमच्या आजच्या कथेचा नायक महाराष्ट्र नव्हे, गोवा आहे.

१९८१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे दहा लाख होती. त्याच जनगणनेत पंजाबची एक कोटी अडुसष्ट लाखांच्या आसपास आणि पश्चिम बंगालची साडेपाच कोटींच्या जवळपास. गोवा तेव्हा पूर्ण राज्यही नव्हते. दमण आणि दीव यांसह तो एक केंद्रशासित प्रदेश होता, राज्याचा दर्जा १९८७ मध्ये मिळाला. लहान मुलांच्या खेळात मोठ्या भावंडांच्या मागे लागून एखादे पोर येते, त्याला आपण लिंबूटिंबू म्हणून घेतो. बाद झाला तरी हरकत नाही, रडू नये म्हणून खेळवायचा. आकाराने पाहिले तर राज्यांच्या पंक्तीत गोव्याची जागा तीच.

तथापि या लिंबूटिंबूने खेळ फार जुना शिकलेला होता. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्रीने १८८३ साली शिवोली गावी मुलांना फुटबॉल शिकविला. पोर्तुगीज अंमलातच, १९५९ मध्ये, गोव्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली. भाताची कापणी उरकली की रिकाम्या शेतात गोलाचे खांब उभे राहायचे, आणि गावागावांतील वैर तेथे निकालात निघायचे. मुक्तीनंतर खाणमालकांच्या घराण्यांनी आणि कंपन्यांनी, म्हणजे साळगावकर, धेंपो, सेझा गोवा यांनी क्लब चालविले. लोहखनिजाच्या पैशातून खेळाडूला पगार आणि पोटाची निश्चिंती मिळाली. शेतातला खेळ आणि खाणीतला पैसा यांच्या संयोगातून ऐंशीच्या दशकातला गोव्याचा संघ तयार झाला.

१९७८-७९ साली श्रीनगरला हा संघ अंतिम फेरीत आला आणि बंगालकडून एका गोलाने हरला. १९८२-८३ मध्ये कलकत्त्याला पुन्हा गाठ बंगालशीच पडली. बंगालच्या घरात, बंगालच्या प्रेक्षकांसमोर पहिला सामना ०-० झाला. तो पुन्हा खेळविला, तोही ०-०. दोघांना संयुक्त विजेते ठरविण्यात आले. गोव्याच्या दृष्टीने हा पराक्रमच होता. पण अर्ध्या करंडकाची गंमत अशी की ज्याला हसायचे आहे त्याला हसता येते. दोन सामन्यांत एकही गोल न करता हा कसला विजेता, असे म्हणायला जागा राहतेच.

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला गोव्याचा संघ १९८३-८४ च्या स्पर्धेत मद्रासला आला. अंतिम फेरीत समोर पंजाब होता. पंजाबने १९७०-७१, १९७४-७५ आणि १९८०-८१ असा तीन वेळा करंडक नेला होता. त्यांतल्या १९७४-७५ च्या अंतिम सामन्यात तर खुद्द बंगालवर त्यांनी सहा गोल चढविले होते आणि इंदरसिंग या एकट्या खेळाडूने त्या स्पर्धेत तेवीस गोल केले होते. उंचीने, वजनाने आणि लौकिकाने भारी असा हा संघ. गोवा १-० ने जिंकला.

येथे थोडे थांबून या खेळाचे एक मर्म सांगितले पाहिजे. पाच दिवसांच्या क्रिकेटमध्ये दुबळ्या बाजूचा दुबळेपणा लपत नाही. शेकडो धावांच्या हिशेबात तो कोठे ना कोठे उघडा पडतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत निर्णायक घटना एक किंवा दोन. जो संघ गोल होऊ देत नाही, त्याला जिंकण्यासाठी एकच क्षण पुरतो. म्हणून लहान संघाची खरी ताकद आघाडीच्या फळीत शोधू नये. ती मागे, आठ फूट उंच आणि चोवीस फूट रुंद अशा त्या चौकटीत शोधावी. गोव्याच्या चौकटीत ब्रह्मानंद शंखवाळकर उभे होते. साळगावकर क्लबचे हे गोलरक्षक पुढे भारताचे कर्णधार झाले. संतोष करंडकाच्या सामन्यांत त्यांनी सलग ५७६ मिनिटे एकही गोल होऊ दिला नाही अशी नोंद आहे. हिशेब केला तर सहा पूर्ण सामने होऊन वर छत्तीस मिनिटे उरतात. कलकत्त्याचे दोन आणि मद्रासचा एक अशा तीन अंतिम लढतींत मिळून बंगाल आणि पंजाब या दोन बलाढ्य संघांना गोव्यावर एक गोल करता आला नाही. शंखवाळकरांना १९९७ चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री. गोल करणाऱ्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी येतात. गोल अडविणाऱ्याला पस्तीस-चाळीस वर्षे वाट पाहावी लागते.

आता एक नाजूक प्रश्न. मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून आम्ही गोव्याच्या विजयाला आपला म्हणावे काय? गोव्यातील जनतेने १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला आहे. त्यांची कोंकणी त्यांना प्रिय आहे, आणि त्या संघात ब्रह्मानंदांच्या बरोबरीने सासष्टी-बार्देशचे ख्रिस्ती तरुण खेळत होते. तो करंडक गोव्याचा, आणि गोव्याचाच. शेजारच्या घरी मूल पहिले आले म्हणून आपण पेढे खावेत; गुणपत्रिकेवर आपले आडनाव लिहू नये. २००५-०६ साली कोचीला अंतिम सामन्यात गोवा आणि महाराष्ट्र हेच समोरासमोर आले आणि गोव्याने महाराष्ट्राला हरविले, तेव्हा हा भेद अनेकांना चांगलाच उमगला असेल!

मद्रासची माती गोव्याला नेहमीच लाभली असेही नाही. १९९८-९९ मध्ये याच शहरात, म्हणजे तोवर नाव पालटलेल्या चेन्नईत, बंगालने अंतिम सामन्यात गोव्यावर पाच गोल केले आणि जुने सारे उसने फेडून घेतले. त्यानंतर दहा वर्षांनी, २००८-०९ च्या स्पर्धेत, चेन्नईलाच पुन्हा बंगाल आणि गोवा. पुन्हा ०-०! या वेळी मात्र संयुक्त विजेतेपदाची सोय नव्हती. पेनल्टीच्या फटक्यांवर गोवा ४-२ ने जिंकला. कलकत्त्यातला तो अर्धा राहिलेला करंडक सव्वीस वर्षांनी पुरा झाला, असे आमचे मत.

हे सारे परगावीच का घडते? आमच्यापाशी याचे शास्त्र नाही. नोकरीतला अनुभव तेवढा आहे. मुख्य कचेरीत ज्याच्या टेबलावर कागद आठवडाभर हलत नाही, तोच माणूस दूरच्या ठाण्यावर एकटा पडला की सर्व विभाग आपल्या खांद्यावर चालवितो. घरच्या मैदानावर खेळाडूच्या भोवती आप्तेष्ट असतात, वशिले असतात, कोणाला घेतले आणि कोणाला वगळले याच्या कुजबुजी असतात. परक्या गावी अकराजण एकमेकांकडेच पाहतात. येथे बसलेल्या पुष्कळ कुटुंबांना हे समजावून सांगायला नको. काहींचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग साडेतीनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी आले. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले तरी ती येथेच राहिली आणि घरात मराठी बोलत राहिली. आमच्यासारखे बदलीवर येणारे तीन वर्षांचे पाहुणे.

आणि यजमानांची बाजू? तामिळनाडूने संतोष करंडक कधी जिंकलेला नाही. १९७२-७३ मध्ये स्पर्धा गोव्यात होती, तेव्हा हा संघ अंतिम फेरीत गेला आणि बंगालकडून ४-१ ने हरला. २०११-१२ मध्ये कटकला सेनादलाने त्यांना ३-२ ने हरविले. आपल्या करंडकांना ज्या शहराने मैदान दिले, टाळ्या दिल्या, त्याच्या स्वतःच्या हाती तो आला नाही याची आम्हांस मनापासून चुटपुट वाटते.

ती चुटपुट थोडीशी हलकी झाली २० डिसेंबर २०१५ रोजी. स्पर्धा वेगळी, व्यावसायिक क्लबांची इंडियन सुपर लीग. सामना गोव्यात फातोर्ड्याला, एफसी गोवा आणि चेन्नईयिन यांच्यात. मंडळातील एका सदस्याच्या घरी आम्ही दहा-बाराजण दूरदर्शन संचासमोर जमलो होतो. थोरली मंडळी गोव्याकडून, मुले चेन्नईकडून. कोणी ठरविले नव्हते, आपोआप तसे झाले. ८७ व्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली आणि थोरल्यांनी चहा ठेवायला सांगितला. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू गोव्याच्याच गोलरक्षकाच्या अंगाला लागून आत गेला, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा गोल केला. चेन्नई ३-२! मुलांनी आरोळी ठोकली ती तामिळमध्ये. त्यांतल्या एकीची आजी या गावच्या जुन्या मराठी घराण्यातली. सामनाभर ती गोव्याला टाळ्या वाजवीत होती. ती उठली, नातीच्या पाठीवर तिने थाप मारली, आणि चहात साखर कमी पडली आहे असे म्हणत आत गेली. चहा त्या दिवशी सर्वांना थंडच मिळाला.