फेफरे टाळता येते



फेफऱ्याला कोणी मिरगी म्हणतात, कोणी आकडी. कोणी म्हणतात, बाहेरची बाधा झाली. तसं काही नसतं बरं का. हा मेंदूचा आजार आहे. तो घरात शिरला की पोराची शाळा सुटते, पोरीचं लग्न मोडतं. सगळीच फेफरी टाळता येत नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते, की चारांतले सुमारे एक टाळता येण्याजोगे असते.

मग काय करावे?

पहिली गोष्ट बाळंतपणाची. जन्मताना बाळ गुदमरले, तर त्याच्या मेंदूला इजा होते. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करा. पुढे बाळाला सगळ्या लसी वेळेवर द्या.

दुसरी गोष्ट डोक्याची. फटफटीवर हेल्मेट घाला; मागे बसणाऱ्यानेही घालावे. डोक्याला जबर मार बसला, तर फेफरे काही वर्षांनीसुद्धा सुरू होते.

तिसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. डुकराचे मांस नीट शिजले नाही, तर खाणाऱ्याच्या पोटात फितीसारखा लांब जंत होतो. त्याची अंडी विष्ठेतून शेतात, भाजीवर येतात. ती दुसऱ्याच्या पोटात गेली, की अळ्या मेंदूत जाऊन बसतात. "आम्ही माळकरी, आम्हांला काय भीती?" असं म्हणू नका. न धुतलेली कोथिंबीर माळकऱ्याच्या ताटातही पडते! म्हणून संडास वापरा, हात साबणाने धुवा, भाजी धुऊन घ्या.

आणि कोणाला फेफरे आलेच, तर कांदा-चप्पल हुंगवू नका. डॉक्टर गाठा. गोळ्या मनाने बंद करू नका.