पेब्रीनचे निदान : सूक्ष्मदर्शकापासून जनुकापर्यंत



रेशीम उत्पादक शेतकरी अंडीपुंज विकत घेतो, तेव्हा तो खरे पाहता एक हमी विकत घेत असतो. त्या अंड्यांत पेब्रीनचा परोपजीवी दडला आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अळ्या लहानमोठ्या होऊ लागतात, वेळेवर कात टाकत नाहीत, अंगावर मिरपुडीसारखे काळे ठिपके उमटतात, तेव्हा ते कळते. तोवर तुतीचा पाला आणि मजुरी दोन्ही खर्ची पडलेली असतात. रोग जडलेले पीक वाचवील असे खात्रीचे औषध नाही; ते जाळून संगोपनगृह निर्जंतुक करणे एवढेच हाती उरते.

नोझिमा बॉम्बिसिस हा मायक्रोस्पोरिडिया गटातील परोपजीवी या रोगाचे कारण होय. दूषित पाल्यावाटे तो पसरतोच. परंतु त्याचा मोठा धोका मादीकडून थेट अंड्यात उतरण्यात आहे. फ्रान्समधील रेशीम उद्योग या रोगाने खिळखिळा झाला असता, लुई पाश्चर यांनी १८६५ पासून त्याचा अभ्यास केला. अंडी घातलेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी व बीजाणू आढळल्यास तिची अंडी नष्ट करावीत, ही त्यांची पद्धत. (विद्यार्थ्यांना पाश्चर आठवतात ते रेबीजच्या लसीमुळे, हे काम त्याच्या कितीतरी आधीचे.) भारतातील बीजोत्पादन केंद्रांत आजही मुख्य भिस्त याच तपासणीवर आहे.

तिची मर्यादा मात्र उघड आहे. सूक्ष्मदर्शकाला पक्व बीजाणू दिसतात. संसर्ग सौम्य असेल किंवा परोपजीवी वाढीच्या आधीच्या अवस्थेत असेल, तर तो निसटतो. येथे रेण्वीय चाचणी उपयोगी पडते. पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, म्हणजेच पीसीआर, परोपजीवीच्या रायबोसोमल जनुकाचा ठरावीक तुकडा लक्षावधी पटींनी वाढवते आणि त्याचे अत्यल्प अस्तित्वही उघड करते. लॅम्प या नावाने ओळखली जाणारी चाचणी सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअस या एकाच तापमानावर चालते. तिला महागडे तापचक्र यंत्र लागत नाही.

अडचणी प्रयोगशाळेबाहेरच्या वाटल्या, तरी पहिली अडचण बीजाणूतच आहे. त्याचे कवच इतके चिवट असते की ते फोडल्याखेरीज डीएनए हाती येत नाही. शिवाय मृत बीजाणूचा डीएनएसुद्धा चाचणीत दिसू शकतो. हजारो माद्यांची अशी तपासणी परवडणारीही नाही. म्हणून तिची जागा मूलभूत बीजकेंद्रांत आहे. तुतीवरील एक मादी साधारण ४०० ते ५०० अंडी घालते. साखळीच्या माथ्यावर सुटलेली एक रोगट मादी खाली किती घरांत पोहोचेल, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतःच करून पाहावा.

केंद्रीय रेशीम मंडळ कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने रेशीमकीटक बीजाच्या प्रमाणीकरणाला कायद्याचा आधार दिला. टसर व मुगा यांच्या अळ्या मात्र उघड्या झाडांवर वाढतात. तेथे संगोपनगृह धुऊन काढण्याची सोयच नाही. सारी भिस्त बीजाच्या शुद्धतेवर राहते.