शेवटचं कडवं गा

रात्रीच्या एसटीनं पेट्या-ढोलक सांभाळत इथवर आलेल्या कलावंत मित्रांनो,

आंबेडकरी जलशांपासून आजच्या गायन पार्ट्यांपर्यंतचा आढावा मी अध्यक्ष म्हणून घ्यावा, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. सुरुवातीचा काळ भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. तो मुळातून वाचा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि तिच्यासाठी मी बरीच वर्षं थांबलो आहे. ज्यांच्या गाण्यांवर आपलं पोट चालतं, त्यांची नावं आपणच पुसत चाललो आहोत.

भीमगीतं लिहिणारे आणि गाणारे वामनदादा कर्डक घ्या. जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नशिबात नव्हती. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत, तरुणपणी, अक्षरओळख झाली आणि 1943 पासून लिहू लागले. पुढे आयुष्यभर गावोगाव फिरून गायले. लोककला म्हटली की तमाशा, लावणी, पोवाडा, भारूड मोजणाऱ्यांच्या यादीत भीमगीत सहसा नसायचं. दादांचा ‘वाटचाल’ हा गीतसंग्रह आला 1973 मध्ये, लिहायला लागल्यावर तीस वर्षांनी. तोवर गाणी लोकांना पाठ झालेली होती, आणि कवीचं नावही. कारण ते शेवटच्या कडव्यात असायचं. संतांपासूनची ही रीत. वाचता न येणाऱ्या माणसालाही गाणं कोणाचं ते ऐकून कळायचं.

आणि आपण नेमकं तेच कडवं कापतो. पूर्वी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. मग कॅसेट आली. आता तर मोबाइलवर मुखडा वाजतो आणि संपतो. वेळ कमी पडला की पहिला बळी कवीच्या नावाचा.

आता इथं झालेले दोन वाद. सकाळच्या चर्चेत एका अभ्यासकांनी सांगितलं, सिनेमाच्या चालीवरचं भीमगीत हे लोकसंगीत नव्हे. त्यावर एक आठवण सांगतो. मराठवाड्यातल्या एका गावी भीमजयंतीच्या रात्री वीज गेली, माइक बंद पडला. मी कंदिलाच्या उजेडात पेटी वाजवत होतो आणि गायकाला पुढचं कडवं आठवेना. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी ते उचललं आणि शेवटपर्यंत नेलं, कवीच्या नावासकट. चाल सिनेमातली होती. आजींनी तो सिनेमा पाहिलेला नव्हता. माझ्यापुरता हा वाद त्या रात्रीच संपला.

दुसरा वाद हक्कांचा. कॉपीराइटचा कायदा लावला तर गाणंच बंद पडेल, असं इथं बोललं गेलं. आमच्या पार्टीत एक ढोलक वाजवणारा कवी होता. एका कॅसेट कंपनीनं त्याची गाणी घेतली, एकरकमी रोख दिली, इंग्रजी कागदावर सही घेतली. एका बाजूत चार गाणी बसवायची म्हणून शेवटची कडवी गेली. कव्हरवर छापलं, ‘गीत: पारंपरिक’. ज्यानं लिहिलं तो त्या रेकॉर्डिंगला माझ्या शेजारी ढोलक घेऊन बसला होता! पुढे तो गेला. त्याची बायको कलावंतांच्या मानधनासाठी एका कचेरीत कॅसेट घेऊन गेली. साहेबांनी कव्हर उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, यात तुमच्या मालकांचं नाव कुठं आहे? तिच्याजवळ उत्तर नव्हतं. मी सोबत होतो, माझ्याजवळही नव्हतं.

म्हणून मी कायद्याच्या बाजूनं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 57 वं कलम सांगतं की हक्क विकले तरी ‘हे माझं आहे’ असं म्हणण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीनं कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा बांधून दिला की तो सही करूनही सोडता येत नाही. वामनदादा 15 मे 2004 रोजी गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2064 संपेपर्यंत जिवंत आहे. जयंतीच्या मांडवातलं गाणं यानं बंद पडत नाही. ज्यांनी गाणी विकून दुकानं थाटली, त्यांना हिशेब द्यावा लागतो, इतकंच. तो मागायला आपण घाबरायचं कशाला?

हिशेब मागायचा तर आपल्या गाण्यांच्या वह्या एकत्र करून एक नोंदवही करावी लागेल. गाणं, कवी, गाव, पहिल्यांदा कोणी गायलं. कोण करणार, पैसा कुठून येणार, हे उद्याच्या बैठकीत बोलू. जिल्ह्याजिल्ह्यातल्या तरुण पोरांनी ते हाती घ्यावं असं मला वाटतं.

पण एका गोष्टीला बैठक लागत नाही. आज रात्री याच मंचावर गाणार आहात. सुरुवात करण्याआधी कवीचं नाव मोठ्यानं घ्या आणि शेवटचं कडवं गाळू नका. वेळ कमी पडला, तर एक गाणं कमी गा.