पासष्टाव्या वर्षी मक्केला: लेडी एव्हलिन कॉबोल्ड यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. पाच-सात मिनिटांचं काम आहे, बसमध्ये असाल तर उतरायच्या आत संपेल.

आज एका आजीबाईंबद्दल बोलायचंय. पण या आजीबाई काही साध्यासुध्या नव्हत्या. स्कॉटलंडच्या एका अर्लची, म्हणजे मोठ्या सरदाराची मुलगी. जन्म १८६७, एडिनबरा. बंदूक हातात घेऊन डोंगरात हरणांच्या मागे फिरणाऱ्या. लग्न झालं ते इंग्लंडमधल्या इप्सविचच्या कॉबोल्ड घराण्यात, आणि या घराण्याचा पिढीजात धंदा होता बियर बनवण्याचा! फुटबॉलवाल्यांना इप्सविच टाउन क्लब माहीत असेल. तो क्लब १९३६ मध्ये व्यावसायिक झाला, त्यामागे यांचाच मुलगा होता.

तर या लेडी एव्हलिन कॉबोल्ड १९३३ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, हजला गेल्या. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि हज केल्याची नोंद असलेल्या त्या पहिल्या मुस्लिम महिला मानल्या जातात.

आता तुमच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार की या मुसलमान झाल्या कधी? त्यांनाही लोक आयुष्यभर हेच विचारत राहिले. कधी आणि का? त्यांचं उत्तर मला फार आवडतं. त्या सांगायच्या, तो नेमका क्षण मला माहीत नाही, मला वाटतं मी आधीपासूनच मुसलमान होते.

म्हणजे काय, तर लहानपणी त्यांचं कुटुंब हिवाळ्यात उत्तर आफ्रिकेत जायचं. तिथे ही मुलगी गव्हर्नेसची नजर चुकवून अल्जेरियन मैत्रिणींबरोबर मशिदीत जायची. अरबी बोलायला शिकली. मग मोठी झाली, १८९१ मध्ये कैरोत लग्न झालं, तीन मुलं झाली, संसार सुरू झाला आणि हे सगळं मागे पडलं. पुढे एकदा त्या रोमला गेल्या असताना ओळखीच्या लोकांनी त्यांना पोपच्या भेटीला नेलं. पोपनी सहज विचारलं, तुम्ही कॅथलिक का? बाई क्षणभर गडबडल्या आणि म्हणाल्या, मी मुसलमान आहे.

असं आपण का बोललो, हे त्यांचं त्यांनाच कळेना. कित्येक वर्षांत इस्लामचा विचारही केला नव्हता. पण त्यानंतर त्यांनी नीट अभ्यास सुरू केला. १९१४-१५ च्या सुमाराला अरब मित्रांची त्यांना पत्रं यायची, त्यात त्यांना 'लेडी झैनब' म्हटलेलं असायचं. म्हणजे घरात आणि मित्रांत ही गोष्ट उघड होती, फक्त तिची अशी तारीख कुठेच नव्हती.

तसं पाहिलं तर इस्लाममध्ये यात अडचण नाही. बाप्तिस्म्यासारखा विधी लागत नाही. ईश्वर एकच आणि मुहंमद त्याचे प्रेषित, एवढी साक्ष मनापासून दिली की झालं. एव्हलिन यांचं म्हणणं तर असं की मूल आपल्या आपण वाढलं तर याच श्रद्धेपाशी येईल, इतकी ती नैसर्गिक आहे. हे पटावं असा माझा आग्रह नाही. पण त्यांना स्वतःचं आयुष्य असंच दिसत होतं.

खरी अडचण सुरू होते मक्केच्या वेशीवर.

मक्केत फक्त मुसलमानांना प्रवेश. आणि सुटाबुटातले युरोपियन तिथे संशयाने बघितले जायचे, त्याला कारणही होतं. १८५३ मध्ये रिचर्ड बर्टन नावाचा इंग्रज वेषांतर करून, मुसलमान असल्याचं भासवून मक्केत जाऊन आला होता आणि त्यावर गाजलेलं पुस्तकही लिहून मोकळा झाला होता. मग समोरची ही गोरी बाई खरी कशावरून?

एव्हलिन यांनी वेषांतर वगैरे केलं नाही. लंडनमधल्या सौदी राजदूतामार्फत थेट राजा इब्न सौद यांच्याकडे परवानगी मागितली, आणि उत्तराची वाट न बघता जहाजाने जेद्दाला जाऊन थडकल्या! तिथे मुक्काम सेंट जॉन फिल्बी यांच्या घरी. हे फिल्बी म्हणजे राजाच्या जवळचे इंग्रज, १९३० मध्ये तेही मुसलमान झालेले. (पुढे रशियाचा हेर म्हणून गाजलेला किम फिल्बी तो यांचाच मुलगा, पण त्याच्यावर वेगळा भाग करावा लागेल.)

जेद्दात बाई वाट बघत बसल्या. समुद्रात पोहायच्या, लोकांना भेटायच्या. राजपुत्र फैसल, जे नंतर राजे झाले, त्यांचीही भेट झाली.

तो काळ कसा होता ते बघा. 'सौदी अरेबिया' हे नाव मिळून जेमतेम सहा महिने झालेले. देशाचं उत्पन्न प्रामुख्याने हजयात्रेकरूंवर चालायचं. आपल्या मुंबईहूनही मोगल लाइनची जहाजं यात्रेकरूंना घेऊन जेद्दाला जायची. पण जागतिक मंदीमुळे बाहेरून येणारे यात्रेकरू साधारण लाखावरून वीस हजारांच्या घरात आले होते. तिजोरी रिकामी. त्याच दिवसांत जेद्दामध्ये अमेरिकी तेल कंपनीशी बोलणी चालू होती, फिल्बी त्यात सामील होते, आणि २९ मे १९३३ ला करारावर सह्या झाल्या. म्हणजे एव्हलिन यांनी पाहिलेली मक्का ही तेलाच्या पैशाआधीची मक्का होती. धड रस्ते नाहीत, वाळूत रुतणाऱ्या मोटारी आणि शेजारून जाणारे उंटांचे तांडे.

अखेर परवानगी आली. मोटारीने आधी मदिना, मग मक्का. हजमध्ये पुरुष दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं नेसतात, कोण राजा आणि कोण हमाल ते कपड्यांवरून कळत नाही. काबागृहाभोवती सात फेऱ्या. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा ये-जा, तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावलेल्या हाजरा या आईची आठवण म्हणून. मग अराफातच्या मैदानात सूर्य मावळेपर्यंत प्रार्थना, हा हजचा गाभा. रात्री मुझदलिफाला खडे गोळा करायचे आणि पुढे मीना इथे ते सैतानाची खूण असलेल्या खांबांना मारायचे. पासष्टाव्या वर्षी, अरबस्तानच्या उन्हात, बाईंनी हे केलं.

१९३४ मध्ये त्यांचं 'पिल्ग्रिमेज टू मेक्का' आलं, रोजनिशीच्या स्वरूपात. त्यात एक गोष्ट अशी आहे जी बर्टनला शंभर वेषांतरं करूनही मिळाली नसती: घराचा आतला भाग. त्या यजमानांच्या बायकांमध्ये राहिल्या, त्यांच्याशी बोलल्या, त्यांच्या पोराबाळांत बसल्या.

पण एक गोष्ट बोलायलाच हवी. एव्हलिन यांच्यासाठी दार उघडलं ते त्यांच्या श्रद्धेमुळे की घराण्यामुळे? अर्लची मुलगी, राजदूताची ओळख, फिल्बींचं घर. त्याच वर्षी लंडनची एखादी धर्मांतरित मोलकरीण जेद्दाला उतरली असती, तर तिच्यासाठी राजाला पत्र कोणी लिहिलं असतं? आत गेल्यावर सगळे समान असतात, हे मान्य. पण आत जाईपर्यंतचा रस्ता सगळ्यांना सारखा नव्हता.

आजचा नियम त्या मानाने सरळ आहे. धर्मांतर केलेल्या माणसाला हजसाठी मशिदीचं किंवा इस्लामिक सेंटरचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मी रोज फॉर्म बनवणारा माणूस आहे, मला हे समजतं. सिस्टिमला मन वाचता येत नाही, तिला काहीतरी अपलोड केलेलं लागतं. आणि राजाच्या मर्जीपेक्षा कागद बरा, तो मोलकरणीलाही मिळू शकतो. तरी एव्हलिन यांच्यासमोर तो फॉर्म ठेवला असता, तर 'धर्मांतराची तारीख' या रकान्यात त्यांनी काय भरलं असतं? तो रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढे जात नाही. आणि काहीही भरलं तरी ते त्यांच्या दृष्टीने खोटंच ठरलं असतं.

त्या १९६३ च्या जानेवारीत गेल्या, वय ९५. ब्रिटनमधला तो हिवाळा भयंकर थंडीचा. स्कॉटलंडमधल्या ग्लेनकॅरनच्या डोंगरउतारावर, जिथे त्या हरणांमागे फिरायच्या, तिथे पुरायचं हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. बर्फातून दक्षिण इंग्लंडमधल्या वोकिंगच्या मशिदीचे इमाम आले. ही मशीद १८८९ ची, आणि तिच्यासाठी पैसा दिला होता आपल्या भोपाळच्या बेगम शाहजहान यांनी. इमामांनी अरबीत नमाज पढला, बॅगपाइपवाल्याने स्कॉटिश शोकधून वाजवली आणि बाईंना मक्केच्या दिशेने तोंड करून पुरलं. दगडावर कुराणातली प्रकाशाची आयत आहे.

तर मंडळी, तुमच्याबाबत अशी एखादी गोष्ट आहे का, जी तुम्ही आहातच, पण कधीपासून हे सांगता येत नाही? धर्मच असं नाही, भाषा असेल, गाव असेल, काहीही. व्हॉइस नोट पाठवा, निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!