दोनशे रुपयांचा हिशेब



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावेत असा तुमचा आग्रह. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा घरातलेच सांगते.

यांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५०० झाले. (नोकरी करणाऱ्या भगिनींना २५,००० पर्यंतच्या पगारावर २०२३ पासून माफ आहे.) शाळेची फी आणि गॅस एकदम आले तेव्हा मी रागाने म्हटले, "न विचारता घेतात, ही कसली रीत?"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "तो पैसा कशापायी सुरू झाला, ठाऊक आहे का?"

१९७२ च्या दुष्काळात त्या अठरा वर्षांच्या. विहिरी आटल्या, बैल विकले. त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली, खायला सुकडी मिळे. पुढे वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ साली हा कर बसला. नोकरदार-व्यापाऱ्यांनी द्यायचा आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. बाईला पुरुषाइतकीच मजुरी.

मी म्हटले, "मग वर्गणी काढायची!" आपले मंडळ वर्गणीवरच चालते ना? (कोण कधी देते ते खजिनदारबाईंना विचारा.) सासूबाई म्हणाल्या, "वर्गणीची वाट पाहिली असती तर चूल पेटली नसती. आणि देणाऱ्यापुढे जन्मभर मान खाली. मी माती वाहिली, मजुरी घेतली."

मात्र त्यांच्याच कामावर मुकादमाने गावात नसलेल्यांची नावे हजेरीपटावर लावली होती, तेही त्यांनी सांगितले. माझा राग परत आला, पण आता करावर नव्हे. भिशीत एकीने घोळ केला तर आपण भिशी मोडतो की वही मागतो? वही मागण्याचा हक्क तर पैसे दिले म्हणूनच आहे.

दिवाळीत गावी गेलो होतो. योजनेतला पाझर तलाव भरला होता. सासूबाई बांधावर चढल्या आणि आपण टोपल्या कुठे रिकाम्या केल्या ती जागा त्यांनी यांना दाखवली.